बसण्याची दुसरी जागा

मराठीत ‘बसणे’ या साध्या क्रियापदाला एक खासगी अर्थ चिकटला आहे. ‘आज बसायचं का?’ असे एका मित्राने दुसऱ्याला विचारले, की कुठे, कशासाठी आणि सोबत काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘बैठक’ या शब्दाचेही तसेच. कीर्तनाची बैठक असते, लावणीची असते, सोसायटीच्या संचालक मंडळाची असते आणि परमिट रूमच्या मागच्या खोलीतलीही असते. भाषेने दारूला पेयाऐवजी बसण्याचे नाव दिले, यात तिची समज दिसते. कारण पिणाऱ्याला पेय जितके हवे असते तितकीच ती संध्याकाळची वेळ, ती खुर्ची आणि समोरचा माणूसही हवा असतो. निदान सुरुवातीच्या वर्षांत तरी. पुढे खुर्ची आणि माणूस दोन्ही सुटतात आणि बाटलीच तेवढी उरते, तो भाग वेगळा.

दारू सोडू पाहणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. हातांची थरथर डॉक्टर थांबवू शकतात, झोप लागण्याची सोय करू शकतात, यकृताची तपासणी करू शकतात. पण संध्याकाळी सात ते नऊ या वेळात त्याने कुठे बसायचे, हे कोणत्याही चिठ्ठीवर लिहून मिळत नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत दारूविरुद्ध बोलणारे पुष्कळ आहेत, आणि चांगले बोलणारे आहेत. दारू सोडलेल्याने जाऊन बसायच्या जागा मात्र त्या मानाने कमी माहीत आहेत. हा लेख त्या जागांबद्दल, म्हणजे मद्यपींच्या स्वमदत सभांबद्दल आहे.

या विषयावर मराठी साहित्यात शोध घेऊ लागलो की पहिली गाठ अर्थातच गडकऱ्यांशी पडते. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते १९१९ साली, गडकरी गेल्यानंतर. सुधाकरची शोकांतिका आणि सिंधूचे हाल यांवर आपल्या समीक्षेने भरपूर लिहिले आहे. तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळाकडे मात्र विनोदाची सोय म्हणून पाहिले गेले. मला ते नाटकातले सर्वांत अचूक निरीक्षण वाटते. त्या मंडळात शास्त्रीबुवा आहेत आणि खुदाबक्षही आहे. जात, धर्म, विद्वत्ता सगळे दाराबाहेर ठेवून माणसे आत येतात आणि आत आल्यावर कोणी कोणाला नावे ठेवत नाही. सनद गेल्याचा अपमान गिळलेल्या सुधाकराला आपले म्हणणारी जागा सापडते ती तिथे. पुढे तो दारू सोडायचे ठरवतो, सोडतोही. मग काम मागायला ओळखीच्या प्रतिष्ठितांच्या दारी जातो आणि तिथून अपमानित होऊन परततो. दारू सोडलेल्या सुधाकरासाठी एकही मंडळ नव्हते, हा त्या नाटकाचा एक अर्थ आहे. (तळीरामाचे पुढे विशेषनामाचे सामान्यनाम झाले. ‘तळीरामांची गर्दी’ असे मथळे आजही वाचायला मिळतात. ते छापणाऱ्यांनी नाटकातला तळीरामाचा शेवट पुन्हा एकदा वाचावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.)

‘एकच प्याला’नंतर सोळा वर्षांनी, १९३५च्या मे महिन्यात, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन गावात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल एका हॉटेलच्या दिवाणखान्यात उभा होता. ज्या सौद्यासाठी आला तो फसला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते आणि शेजारच्या बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. त्याला त्या क्षणी उपदेशक नको होता, डॉक्टरही नको होता. आपल्यासारखाच एखादा दारुडा बोलायला मिळाला तर आपण वाचू, एवढेच त्याला कळले. त्याने चर्चच्या यादीतून फोन लावायला सुरुवात केली आणि त्या साखळीतून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ रोजी. तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे ‘एए’चा स्थापनादिन मानला जातो.

या कथेत एक उलटी गोष्ट आहे आणि सगळी पद्धत तिच्यावरच उभी आहे. विल्सनने फोन केला तो दुसऱ्याला वाचवण्यासाठी नव्हता. स्वतः वाचण्यासाठी होता. ऐकणाऱ्याला जितका फायदा होतो, तितकाच किंवा त्याहून जास्त सांगणाऱ्याला होतो. म्हणून एएच्या सभेत शिकवणारा आणि शिकणारा असे दोन गट नसतात. वीस वर्षे दारूला न शिवलेला माणूस आणि काल रात्री प्यालेला माणूस शेजारी बसतात आणि पहिल्याला दुसऱ्याची खरोखर गरज असते. १९३९ साली या मंडळींचे पुस्तक निघाले, त्यात बारा पायऱ्या मांडल्या होत्या. समूह कसे चालवावेत याच्या बारा परंपरा १९५० मध्ये स्वीकारल्या गेल्या. भारतात ही चळवळ १९५७ साली आली, ती मुंबईत. पुढे ती इंग्रजीच्या वर्तुळातून बाहेर पडली. बारा पायऱ्यांचे साहित्य मराठीत आले आणि ‘मद्यपाश’ हा फार नेमका शब्द रूढ झाला. व्यसन या शब्दात चैनीचा आणि दोषाचा वास येतो. पाश म्हटले की माणूस अडकला आहे आणि त्याला सुटायचे आहे, हे दोन्ही एकदम कळते.

हा पाश किती जणांभोवती आहे? केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. १० ते ७५ या वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात आणि त्यांपैकी सुमारे ५.७ कोटींना तिच्यापायी मदतीची गरज आहे, असे त्यात आढळले. याच अहवालातला आणखी एक आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कोणत्याही प्रकारचे उपचार वा मदत मिळाली होती. उरलेले ३७ कुठे आहेत, ते आपल्याला ठाऊक आहे. ते आपल्या गल्लीत आहेत.

साताऱ्याचे वैशिष्ट्य असे, की इथे दारूचा प्रश्न फार आधीपासून सार्वजनिक आहे. जोतीराव फुल्यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. त्यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना गुत्त्यांना परवाने देण्याला लेखी हरकत घेतली होती. अलीकडच्या काळात महिलांच्या मतदानाने दुकान बंद करण्याची तरतूद आली आणि ‘आडवी बाटली’ हा निवडणूक चिन्हासारखा शब्द गावोगाव पोचला. बंडातात्या कराडकरांनी व्यसनमुक्त युवक संघाच्या माध्यमातून वारकरी वाटेने हे काम केले. डॉ. नरेंद्र दाभोलकर हे मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेले. त्यांनी साताऱ्यात ‘परिवर्तन’ ही संस्था काढून व्यसनमुक्तीचे काम उभे केले आणि त्यांचे पुत्र, मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर, आज त्या कामात आहेत. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या साहाय्याने सुरू केलेले ‘मुक्तांगण’ साताऱ्या-सांगलीच्या कितीतरी घरांना आपले वाटते. कोणाचा तरी मुलगा, मेहुणा, चुलता तिथे राहून आलेला असतो.

या सगळ्या कामाचा आदर राखूनच एक फरक सांगायला हवा. चळवळीला आवाज लागतो, मोर्चा लागतो, वर्तमानपत्रात फोटो लागतो. एएच्या सभेला यांतले काहीही चालत नाही. तिची दहावी परंपरा सांगते, की बाहेरच्या वादांवर संघटनेने मत द्यायचे नाही. दारूबंदी असावी की नसावी, यावरसुद्धा नाही. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटते. दारूने उद्ध्वस्त झालेली माणसे एकत्र येतात आणि दुकान बंद करा असे म्हणत नाहीत! पण त्यामागचा हिशेब व्यवहारी आहे. दुकानदाराचा भाऊ, उत्पादन शुल्क खात्याचा शिपाई, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतला कामगार यांच्यापैकी कोणालाही उद्या त्या खोलीत येऊन बसावेसे वाटू शकते. खोलीने बाजू घेतली, तर तो येणार नाही. सांगली-साताऱ्यात उसाबरोबर मळी आणि मळीबरोबर मद्यार्क हे अर्थकारण आहे, पलूसला वाइन पार्क आहे, तेव्हा हा मुद्दा इथे केवळ तात्त्विक राहत नाही. गाव दारूमुक्त करणे आणि एक माणूस आज रात्री न पिता झोपणे ही दोन वेगळी कामे आहेत. दोन्ही करावीत, पण एकाच व्यासपीठावर नकोत.

आता प्रत्यक्ष जाण्याकडे वळू. सभेच्याही आधी डॉक्टर लागतो, आणि ही सूचना मी जरा ठासून करणार आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने, विशेषतः सकाळी उठल्यावर ‘उतारा’ घेतल्याशिवाय ज्याचे हात स्थिर होत नाहीत त्याने, जिद्दीने एका दिवसात दारू तोडणे धोक्याचे असते. शेवटच्या घोटानंतर काही तासांत घाम, थरकाप, उलट्या सुरू होतात. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, घरचे लोक मारायला आलेत असे वाटते. ही वैद्यकीय आणीबाणी आहे. तिच्यात माणूस दगावू शकतो आणि घरातले लोक मात्र ‘बाहेरचं काहीतरी लागलं’ म्हणून देवऋषाकडे धावतात. औषधे आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देऊन हे दिवस सुखरूप पार पाडता येतात. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचे वैद्यकीय महाविद्यालय अशा मोठ्या सरकारी ठिकाणी मनोविकार विभागाची चौकशी करावी. तिथे केसपेपर काढताना ‘दारू सोडायची आहे’ असे सरळ सांगावे, ‘झोप येत नाही’ असे नव्हे.

जाता जाता दुसरा धोका. एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि छोट्या जाहिरातींत ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ असे आश्वासन असते. चहातून, आमटीतून गोळी द्यायची. दारूशी रिअ‍ॅक्शन देणारे डायसल्फिराम हे खरे औषध आहे, पण ते पिणाऱ्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचे असते. नकळत दिले आणि वरून तो प्याला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. आणि हे कळल्यानंतर बायकोच्या हातच्या जेवणावरचा त्याचा विश्वास उडतो, तो वेगळाच. उचलून नेऊन डांबून ठेवणाऱ्या केंद्रांबद्दलही हेच. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था येतात. त्यामुळे दाखल करण्याचे नियम, रुग्णाचे हक्क आणि माहितीची गुप्तता या सर्व गोष्टी तिथे लागू होतात. केंद्र नोंदणीकृत आहे का, डॉक्टर रोज येतात का, नातेवाइकांना भेटू देतात का, हे विचारण्यात संकोच नसावा.

सभा शोधायच्या कशा? एएला साइनबोर्ड नसतो. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, एखाद्या संस्थेची संध्याकाळी रिकामी पडणारी खोली, अशा ठिकाणी आठवड्यातल्या ठरावीक दिवशी तास-दीड तास सभा भरते. जागा आणि वेळा बदलतात, म्हणून छापील यादीवर विसंबू नये. एएचे भारताचे सर्वसाधारण सेवा कार्यालय मुंबईत आहे. त्यांच्या संकेतस्थळावरून किंवा फोनवरून जवळच्या समूहाचा ताजा पत्ता मिळवणे हा सरळ मार्ग. दुसरा मार्ग मनोविकारतज्ज्ञांचा. त्यांच्याकडे बहुधा एखाद्या जुन्या सभासदाचा फोन असतो. ‘परिवर्तन’ किंवा ‘मुक्तांगण’सारख्या संस्थांकडे विचारले तर त्यांचे स्वतःचे पाठपुराव्याचे गट आणि एएच्या सभा यांची माहिती मिळू शकते. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. मन फार खचले असेल तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. २०२०च्या टाळेबंदीत बऱ्याच समूहांनी ऑनलाइन सभा सुरू केल्या आणि त्यांतल्या काही पुढेही चालू राहिल्या. माण, जत, आटपाडीसारख्या लांबच्या तालुक्यांतील माणसाला, किंवा गलाईच्या धंद्यासाठी विटा-खानापूरहून परराज्यात गेलेल्या तरुणाला, मराठी सभा मोबाइलवर मिळणे ही लहान गोष्ट नाही. तरीही पहिल्या काही सभा समोरासमोर व्हाव्यात, असे माझे मत आहे. पडद्यावर कॅमेरा बंद करता येतो.

पत्ता मिळणे आणि दारातून आत जाणे यांत मोठे अंतर असते. १९८१ सालचा अमेरिकेतला एक अगदी लहान प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. वीस रुग्णांपैकी दहा जणांना सभांची माहिती, वेळा आणि पत्ते दिले. उरलेल्या दहा जणांसाठी समुपदेशकाने त्यांच्यासमोरच एका सभासदाला फोन लावला आणि त्या सभासदाने ‘मी तुला घ्यायला येतो, सोबत जाऊ’ असे सांगितले. पहिल्या दहांपैकी एकही सभेला गेला नाही. दुसऱ्या दहांपैकी सगळे गेले. वीसच माणसे, म्हणून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण आपल्या डॉक्टरांनी, ग्रामसेवकांनी आणि मेहुण्यांनी एवढे जरूर घ्यावे, की नुसता पत्ता देऊ नका, फोन लावून द्या.

खोलीत काय होते? दोन प्रकारच्या सभा असतात. खुल्या सभेला कोणीही येऊ शकतो, नातेवाईक, विद्यार्थी, माझ्यासारखा लिहिणारासुद्धा. बंद सभा फक्त ज्यांना दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी असते. सभासदत्वाची अट एकच, पिणे थांबवण्याची इच्छा. दारू थांबलेली असलीच पाहिजे असे नाही, फक्त इच्छा हवी. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. शेवटी एक पेटी किंवा पिशवी फिरते. ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकावेत, त्यातून खोलीचे भाडे आणि चहा भागतो. बाहेरून देणगी घेत नाहीत. आमदार निधीतून हॉल बांधून देतो म्हणणारा भेटला तरी नाही, आणि आपल्याकडे हे फार महत्त्वाचे आहे.

बोलणारा आपले पहिले नाव सांगतो आणि ‘मी मद्यपी आहे’ असे म्हणतो. सगळे त्याला नमस्कार करतात. मग तो आपली गोष्ट सांगतो. दुसरे कोणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, ‘तुझं चुकलं’ म्हणत नाही. मराठी माणसाच्या बैठकीत सल्ला न देण्याचा नियम पाळला जातो, याचेच मला पहिल्यांदा नवल वाटले. नवख्याने बोललेच पाहिजे असे नाही. ‘आज फक्त ऐकतो’ म्हटले की पुरे. तिथे ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, हा नियम मलाही लागू असल्याने कोणाची गोष्ट इथे सांगता येत नाही. एवढे म्हणतो, की तिथे हसू फार असते. पगाराच्या दिवशी खिशातले पाकीट कुठे कुठे लपवले, शेतातल्या कडब्याच्या गंजीत बाटली ठेवून ती कोणती गंजी हेच कसे विसरले, अशा प्रकारचे अनुभव बाहेर लाजेचे असतात आणि तिथे सगळ्यांचेच असल्यामुळे हशाचे होतात.

आयुष्यभराची शपथ तिथे कोणी घेत नाही. आपल्याकडे शपथेचा फार सोस. देवाची, आईची, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली. ती मोडली की माणूस आणखी खाली जातो, कारण आता दारूबरोबर पापही डोक्यावर आले. सभेतली भाषा आजच्या दिवसाची असते. आज प्यायचे नाही, उद्याचे उद्या. पुन्हा प्याले तर त्याला ‘स्लिप’ म्हणतात. माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजतो. कोणी ‘आम्हाला ठाऊकच होतं’ म्हणत नाही, कारण तिथल्या पुष्कळांनी ते मोजणे कित्येकदा सुरू केलेले असते.

साताऱ्यात एक अडचण हटकून निघते. बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, उच्च शक्तीवर सोपवण्याची भाषा आहे. ज्या शहरातून अंधश्रद्धा निर्मूलनाचा विचार महाराष्ट्रभर गेला, तिथल्या कार्यकर्त्याने हे कसे स्वीकारावे? एएचे उत्तर असे, की ती शक्ती ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे ठरवावी. अनेक नास्तिक सभासद त्या खोलीतल्या समूहालाच ती शक्ती मानतात. मला हे उत्तर पूर्ण पटत नाही, पण पुरेसे वाटते. विवेकवादाच्या भाषेत मांडायचे तर पहिल्या पायरीचा गाभा एवढाच आहे, की माझी इच्छाशक्ती या एका बाबतीत हरली हे पुराव्यानिशी सिद्ध झाले आहे, तेव्हा आता दुसरे साधन वापरू. ज्यांना ही भाषाच नको, त्यांना समुपदेशनाचे आणि व्यसनमुक्ती केंद्रांचे पाठपुरावा गट आहेत. परदेशात देवाचे नाव न घेणाऱ्या स्वमदत संघटनाही आहेत. तर दुसऱ्या टोकाला आपल्याकडे वारकऱ्याची माळ आहे. माळ गळ्यात असली, की लग्नाच्या वरातीत कोणी ‘घे की एक’ असा आग्रह करत नाही. ती न बोलता नकार देते. रेवदंड्याच्या श्रीबैठकींनीही असंख्य घरांतून दारू बाहेर काढली आहे. माळेचे बळ सगळ्यांना दिसण्यात आहे, तर एएचे बळ कोणालाच न दिसण्यात. कोणाला काय मानवेल ते ज्याचे त्याने पाहावे. दोन्ही एकदम करणारेही आहेत.

पण हे ‘न दिसणे’ सांगली-साताऱ्यात साधते का? मुंबईच्या गर्दीत निनावी राहणे सोपे आहे. इथे राजवाड्याजवळ गाडी लावली, की तासाभरात घरी विचारणा होते, ‘तिकडे कशाला गेला होता?’ यातला विरोधाभास असा, की त्याचे पिणे गावाला वर्षानुवर्षे माहीत असते. गटारीच्या कडेला पडलेला त्याला सगळ्यांनी पाहिलेले असते. तेव्हा त्याची लाज वाटली नाही, पण सभेच्या दारात दिसण्याची वाटते! मला वाटते, ही लाज दारूची नसते, अपयशाच्या शक्यतेची असते. सोडतोय असे कळले आणि पुन्हा प्यालो, तर हसे होईल. म्हणून साताऱ्याचा माणूस सुरुवातीला कराडच्या किंवा सांगलीच्या सभेला जातो, असे घडते. दोन शहरांमध्ये सव्वाशे किलोमीटरचे अंतर आहे, तेवढे काही जणांना आडोशासाठी पुरते. शिक्षक, पोलीस, डॉक्टर यांना हा आडोसा जास्त लागतो. त्यात गैर काही नाही. निनावीपणाची परंपरा वृत्तपत्रे आणि माध्यमांपुरती बंधनकारक आहे. स्वतःच्या घरी, मित्राला सांगायचे की नाही, हे प्रत्येकाने ठरवायचे असते. मात्र दुसऱ्याचे नाव सांगायचे नाही.

याने खरेच दारू सुटते का? बरीच वर्षे संशोधक याबद्दल साशंक होते. २००६ सालच्या कॉक्रेन आढाव्याने ठोस पुरावा नाही असेच म्हटले होते. २०२०च्या नव्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्तींची माहिती तपासली गेली. त्यात असे दिसले, की रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षाअखेर पूर्ण दारूमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्के होते, तर इतर मानसोपचारांत ते ३५ टक्के. फरक चमत्काराचा नाही. शंभरांत सात माणसांचा आहे. त्या सात घरांना तो पुरेसा वाटेल. बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत, हेही लक्षात ठेवावे. आणि दोन्ही बाजूंनी निम्म्याहून जास्त माणसे वर्षभर कोरडी राहिली नाहीत, हे तर विसरूच नये. एका सभेत, एका महिन्यात, एका ‘कोर्स’मध्ये दारू सुटल्याचे सांगणाऱ्या जाहिरातींना एवढे उत्तर पुरे.

स्त्रियांबद्दल दोन शब्द. २०१९च्या त्याच सर्वेक्षणात दारू पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांचे १.६ टक्के आढळले. टक्का लहान आहे, पण पिणाऱ्या बाईला आपल्या समाजात मिळणारी वागणूक पाहता पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने जाणे तिला जवळजवळ अशक्य असते. तिच्यासाठी ऑनलाइन सभा आणि स्त्री समुपदेशक हाच तूर्त खरा रस्ता दिसतो.

न पिणाऱ्या बायकोसाठी मात्र स्वतंत्र सोय आहे आणि ती फार थोड्या जणींना माहीत आहे. बिल विल्सनची पत्नी लोइस हिने १९५१ मध्ये अल-अनॉन ही नातेवाइकांची संघटना सुरू केली, मुलांसाठीची अलाटीन १९५७ची. ‘मुक्तांगण’ने पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवले. नवरा सभेला जात नसला, अजून पीत असला, तरी तिला जाता येते. तिने त्याला घेऊन येण्याची अट नाही. तिथे गेल्यावर तो किती पितो हे तिला पहिल्यांदा कोणी विचारत नाही, तू कशी आहेस असे विचारतात. बाटल्या मोजणे, पाकीट तपासणे, साहेबांना फोन करून ‘त्यांना ताप आहे’ असे खोटे सांगणे, हे सगळे करणाऱ्या बाईला आपणही आजारी पडलो आहोत हे कळायला वेळ लागतो. साहेबांना फोन करणे बंद केले, की घरात आधी भांडण होते. त्यासाठीही गटातल्या दुसऱ्या कोणीतरी आधीच तयार केलेले असते.

सभा सणावारी बंद नसतात. दिवाळीत, गणपतीत, यात्रेत त्यांची गरज जास्त असते. ३१ डिसेंबरला काही समूह मुद्दाम रात्री उशिरापर्यंत एकत्र थांबतात. चहा असतो, कधी कोणी घरून चकल्या आणतो. नव्या माणसासाठी दाराजवळची एक खुर्ची मोकळी असली म्हणजे बरे, कारण पहिल्या दिवशी सगळ्यांनाच दाराजवळ बसायचे असते.